पहिली गिटार आपण कोणामुळे उचलतो?

माझ्याकडे कोणी नवीन गिटार शिकायला आलं की मी आधी बोटं बघत नाही, कुठली गिटार आणलीय तेही बघत नाही, पहिला प्रश्न एकच विचारते. कोणाला ऐकून आलात? आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणालाच वेळ लागत नाही, नाव पटकन येतं आणि नाव घेताना चेहरा बदलतो. कोणी एखाद्या बँडचं नाव घेतं, कोणी फक्त एका गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवतं कारण वाजवणाऱ्याचं नाव त्यांना माहीतच नसतं. मला त्या उत्तरातून खूप काही कळतं, कारण पुढचे सहा महिने हा माणूस टिकणार की नाही हे बऱ्याच वेळा त्याच्या बोटांपेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतं.

आता इथे एक गैरसमज असतो तो आधी काढून टाकू. लोकांना वाटतं की जगातला सगळ्यात भारी गिटारिस्ट तोच सगळ्यात जास्त लोकांना गिटार घ्यायला लावत असेल. तसं होत नाही. आंद्रेस सेगोव्हियाने गिटारला मोठ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये मान मिळवून दिला, त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण त्याचं वादन ऐकून कित्येक लोक थक्क होतात आणि गप्प बसतात. उलट तीन कॉर्डवर गाणारा कोणीतरी ऐकला की लोक उठतात आणि गिटार शोधायला लागतात. थक्क होणं वेगळं आणि हात शिवशिवणं वेगळं. हात शिवशिवायला समोरचं वादन सुंदर तर लागतंच, पण ते थोडंसं आवाक्यातलंही वाटावं लागतं, म्हणजे अंतर दिसतंय पण चालत जाता येईल असं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ब्रिटनमधलं स्किफल. १९५६ च्या सुरुवातीला लॉनी डोनेगन नावाच्या गायकाचं 'रॉक आयलंड लाइन' तिथे जोरात गाजलं. स्किफल म्हणजे काय तर एक साधी गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी तालाला, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी नि दोरी लावून केलेला बेस. गाणी बहुतेक अमेरिकन लोकगीतं, कॉर्ड दोन किंवा तीन. बस. हे बघून तिथल्या पोरांनी जे काय गिटार विकत घेणं चालू केलं की विचारू नका. लिव्हरपूलमधल्या जॉन लेनन नावाच्या एका शाळकरी पोराने त्याच वर्षी क्वॉरीमेन नावाचा स्किफल ग्रुप काढला, ६ जुलै १९५७ ला चर्चच्या जत्रेत तो वाजवायला गेला तेव्हा त्याची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली, पुढे बीटल्स झाले ते सगळ्यांना माहितीय. पुढे लेड झेपेलिन बँडमध्ये गाजलेला जिमी पेजसुद्धा शाळेत असताना बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात स्किफलच वाजवताना दिसतो, आणि तिथे विचारल्यावर सांगतो की मला जीवशास्त्रातलं संशोधन करायचंय! डोनेगन हा काही महान गिटारिस्ट नव्हता. पण ब्रिटिश रॉकची एक अख्खी पिढी त्याच्या दारातून आत आली.

तीन कॉर्डवर एवढं कसं भागतं हे जरा समजून घेऊ, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन किंवा जास्त सूर. एखाद्या पट्टीत साताच्या सात सुरांवर कॉर्ड बांधता येतात पण त्यातले तीन कॉर्ड, म्हणजे पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरावरचे, हे मिळून त्या पट्टीतले सातही सूर कव्हर करतात. म्हणजे गाण्याची चाल त्या पट्टीत कुठेही फिरली तरी या तिघांपैकी कोणीतरी तिच्याखाली उभा राहू शकतो. सी पट्टीत ते सी, एफ, जी होतात, जी पट्टीत जी, सी, डी. लोकगीतं, ब्लूज, जुनं रॉक अँड रोल, सगळं यावर उभं आहे. गिटारवर जी, सी, डी हे कॉर्ड काही तारा मोकळ्या ठेवून वाजवता येतात, दोन-तीन बोटांत काम होतं, त्यामुळे नवशिक्याच्या हाताला पहिलं खरं गाणं काही आठवड्यांत लागतं. डोनेगनने लोकांना दाखवलं ते हेच, की गाणं इतकं जवळ आहे.

वीस वर्षांनी हेच परत घडलं. ४ जून १९७६ ला मँचेस्टरमध्ये एका छोट्या हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवायला आला, प्रेक्षक मोजकेच. पण त्या मोजक्या लोकांमधून पुढे किती बँड निघाले बघा. पीटर हुक आणि बर्नार्ड समनर तिथे होते, हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, आणि पुढे त्यांचा जॉय डिव्हिजन हा बँड झाला. त्या दिवशी त्यांनी काही अचाट वादन ऐकलं नव्हतं. त्यांनी आपल्यासारखीच पोरं स्टेजवर बघितली, आणि तेवढं पुरलं.

पंक आणि नंतर ग्रंज या रॉकच्या रांगड्या प्रकारांनी ज्या गोष्टीवर लाखो लोकांना आत घेतलं ती म्हणजे पॉवर कॉर्ड. नावात पॉवर असलं तरी प्रत्यक्षात हा कमी सुरांचा कॉर्ड आहे. नेहमीच्या कॉर्डमध्ये तीन वेगळे सूर असतात, पहिला, तिसरा, पाचवा. पॉवर कॉर्डमध्ये मधला तिसरा काढून टाकतात, राहतात फक्त पहिला आणि पाचवा, आपल्या भाषेत सा आणि प. का काढतात? तर अ‍ॅम्पचा आवाज फाडून जो करकरीत डिस्टॉर्शन मिळतो त्यात प्रत्येक सुरातून जास्तीचे सूर तयार होतात, ते एकमेकांवर आदळतात, आणि तिसरा सूर मध्ये असला की सगळा चिखल होतो. सा आणि प चं नातं इतकं साधं आहे, कंपनांचं प्रमाण दोनास तीन, की तो फाटलेला आवाजसुद्धा घट्ट आणि स्वच्छ राहतो. आणि हाताच्या दृष्टीने सोय अशी की बोटांची एकच ठेवण पकडायची आणि ती वर-खाली सरकवत न्यायची, ठेवण बदलायची नाही. निर्व्हानाचं १९९१ चं ते गाजलेलं गाणं असल्याच चार पॉवर कॉर्डवर उभं आहे आणि त्यांचा गायक कर्ट कोबेन ऐकून गिटार घेतलेले लोक मला आजही भेटतात, त्यातले कित्येक तर तो गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी जन्मलेले.

पण सगळ्यांना 'मलाही जमेल' हेच खेचतं असं नाही. काहींना नुसता आवाज खेचतो.

माझ्याकडे एक काका यायचे, साठी उलटलेली, कॉर्ड-बिर्ड शिकण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना द शॅडोजचं 'अपाची' वाजवायचं होतं, बास. १९६० मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेली ही गिटारची धून, गाणाराच नाही, गिटारच गाते. वाजवणारा हँक मार्व्हिन, चौकोनी चष्मा, हातात लाल स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, आवाजाला इको आणि प्रत्येक सुराच्या शेवटाला ब्रिजवरच्या दांडीने दिलेली हलकीशी लाट. काका पहिल्या दिवशी त्या धूनचे पहिले सातआठ सूर काढायला बसले ते तासभर उठले नाहीत, तर्जनी लाल झाली, आणि शेवटी एकदा ते सूर सलग लागले तेव्हा त्यांनी वाजवायचं थांबवून हात तारांवर ठेवला आणि खिडकीकडे बघत बसले. मी पण काही बोलले नाही. असं काही बघितलं की मग ब्रायन मे, मार्क नॉप्फ्लर, टोनी आयोमी, नील यंग इतके वेगवेगळे वाजवणारे लोक हँकचं नाव का घेतात ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. एकेरी सुरांची स्वच्छ धून, तीही मध्यम वेगाची, हा नवशिक्यासाठी कॉर्डइतकाच चांगला रस्ता आहे, लोक उगाच त्याला कमी लेखतात.

आणि हँकच्या हातात ती स्ट्रॅटोकास्टर आली कशी? तो जेम्स बर्टन या अमेरिकन गिटारिस्टचा चाहता होता, बर्टन फेंडर वाजवतो एवढंच त्याला माहीत होतं, मॉडेल माहीत नव्हतं. कॅटलॉगमध्ये बघितलं, सगळ्यात महागडी फेंडर स्ट्रॅटोकास्टर दिसली, मग बर्टनकडे हीच असणार असं ठरलं आणि शॅडोज ज्याच्या मागे वाजवायचे त्या गायक क्लिफ रिचर्डने ती अमेरिकेतून मागवली. बर्टन वाजवायचा टेलिकास्टर, फेंडरचंच दुसरं मॉडेल! म्हणजे ज्या आवाजाने ब्रिटनमधल्या पोरांना वेड लावलं तो एका चुकलेल्या अंदाजातून आलेला आवाज आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारय.

तिसरा प्रकार डोळ्यांचा. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हन शोवर आले, सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते टीव्हीवर बघितलं. टॉम पेटी तेव्हा तेरा वर्षांचा, नॅन्सी विल्सन नऊची, जो वॉल्श, असे कित्येक लोक सांगतात की आमचं त्या रात्री ठरलं. तोपर्यंत रेडिओवर आवाज ऐकू यायचा पण कोण कसं धरतंय, हात कुठे आहे, वाजवताना एकमेकांकडे बघून हसतायत, हे सगळं एकदम समोर दिसलं. मला वाटतं त्यात मोठा भाग 'चौघं मित्र' या दृश्याचा होता, एकट्या हिरोचा नाही. बघणाऱ्याच्या मनात लगेच आपले तीन मित्र उभे राहतात.

कधी कधी तर क्षणभराचं बघणंही पुरेसं असतं. १८ सप्टेंबर १९७० ला जिमी हेंड्रिक्स गेला. त्या दिवशी स्वीडनमध्ये सात वर्षांच्या इंग्वे माल्मस्टीनने टीव्हीवर हेंड्रिक्सची झलक पाहिली, पेटलेली गिटार वगैरे, आणि घरात पडून असलेली गिटार हातात घेतली. तिकडे अमेरिकेत चौदा वर्षांच्या जो सॅट्रियानीला फुटबॉलच्या प्रॅक्टिसला ही बातमी कळली, त्याने तिथेच कोचला सांगितलं की मी खेळ सोडतो, गिटारिस्ट होणार. आणि सॅट्रियानीने नंतर कोणाला शिकवलं तर स्टीव्ह वायला आणि मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटला. त्या पोराने त्या दिवशी प्रॅक्टिस चालू ठेवली असती तर किती जणांचं वादन आज वेगळं ऐकू आलं असतं, विचार करून बघा.

आता नक्कल. कारण प्रेरणा मिळाली की माणूस पहिलं काम नक्कलच करतो, आणि करायलाच पाहिजे. एकलव्य काय करत होता? समोर मूर्ती, शिकवणारं कोणी नाही, जे लांबून बघितलं त्यावर सराव. जुन्या काळात सगळेच गिटारिस्ट असे एकलव्य होते. एलपी रेकॉर्ड ३३ च्या स्पीडवर फिरायची, काही रेकॉर्ड प्लेअरवर १६ चा स्पीडही असायचा, तर पोरं अवघड सोलो १६ वर लावून ऐकायची. वेग बरोबर निम्मा झाला की सूरही बरोबर एक सप्तक खाली जातो, म्हणजे सूर तेच राहतात, फक्त खालच्या सप्तकात, त्यामुळे हळू ऐकून गिटारवर बसवता यायचं. सुई उचलायची, मागे ठेवायची, परत तेच चार सेकंद. रेकॉर्डचा तेवढा भाग घासून पांढरा पडेपर्यंत. आज फोनवर वेग कमी करता येतो आणि सूरही खाली जात नाही, प्रत्येक बोटाचा क्लोजअप असतो. मी त्याच्या विरोधात नाही, मीही वापरते. पण एक गोष्ट त्यात निसटते, ती म्हणजे चुकीचं ऐकण्याची संधी.

चेट अ‍ॅटकिन्सचं बघा. तो किशोरवयात रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिसला ऐकायचा. ट्रॅव्हिसचा अंगठा खालचा बेस धरून ठेवायचा, धडधड धडधड, आणि वर चाल वाजायची, एकाच गिटारवर दोन माणसं वाजवतायत असं वाटावं. ट्रॅव्हिस हे करायचा अंगठा आणि फक्त तर्जनी वापरून. चेटला दिसत तर काहीच नव्हतं, रेडिओच तो. त्याला वाटलं एका बोटाने हे शक्यच नाही, म्हणून तो अंगठा आणि दोन-तीन बोटं लावून बसवायला लागला. झालं काय, त्याच्याकडे ट्रॅव्हिसपेक्षा जास्त बोटं मोकळी आली, त्यातून त्याची स्वतःची स्टाइल तयार झाली. पुढे ऑस्ट्रेलियात सात वर्षांच्या टॉमी इमॅन्युएलने चेटला रेडिओवर ऐकलं आणि तोही त्याच मार्गाला लागला.

जोनी मिचेलचं तर आणखी मनाला लागणारं आहे. नऊ वर्षांची असताना तिला पोलिओ झाला, डाव्या हातात ताकद कमी राहिली. गिटार शिकताना तिने पीट सीगरची शिकवणीची रेकॉर्ड आणली, त्यातली एलिझाबेथ कॉटनची बोटांची पद्धत तिला काही जमली नाही. अवघड कॉर्डही डाव्या हाताला झेपत नव्हते. मग तिने गिटारच बदलली, म्हणजे तारा वेगवेगळ्या सुरांना लावायला लागली, अशा की मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजतो आणि एखाद-दुसऱ्या बोटाने काम भागतं. अशी पन्नासहून जास्त ट्यूनिंग तिने वापरली. तिची गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसवायला गेलात तर बोटांच्या गाठी होतात आणि तो रंग येतच नाही. जे जमलं नाही त्याच्या बाजूने तिने वाट काढली आणि आता लोक ती वाट शिकायला बसतात.

आणि ती एलिझाबेथ कॉटन स्वतः कोण? डावखुरी बाई, उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायची, तारा न बदलता. त्यामुळे बाकीच्यांचा अंगठा बेस वाजवतो आणि बोटं चाल, तर तिची बोटं बेस वाजवायची आणि अंगठा चाल. आज हजारो उजवे लोक तिची पद्धत सुलटी करून शिकतात.

टोनी आयोमीची गोष्ट मी प्रत्येक रडणाऱ्या विद्यार्थ्याला सांगते, रडणाऱ्या म्हणजे खरोखर बोटं दुखून डोळ्यांत पाणी आलेल्या. सतरा वर्षांचा आयोमी, बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. सगळं संपलं म्हणून घरी बसला असताना कारखान्यातला फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्ट. ऐकून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय, १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं लावलं, पातळ तारा चढवल्या, आणि पुढे तारा तीन सेमीटोन खाली उतरवल्या. तारेचा ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तीन सेमीटोन उतरवलं की ताण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो, दुखऱ्या बोटांना केवढा आराम! आणि त्या ढिल्या, खोल आवाजातून ब्लॅक सबाथचा तो काळाकुट्ट जडपणा आला, ज्याच्यावर हेवी मेटल उभं राहिलं. जँगो जाझ वाजवायचा, आयोमी मेटल. एकाचं वादन दुसऱ्यात शोधायला गेलात तर हाती लागणार नाही, त्याने घेतलं ते वेगळंच काहीतरी.

तर मग माझ्याकडे आलेला तो चौदा वर्षांचा मुलगा. नवीकोरी इलेक्ट्रिक गिटार, आणि फोनवर व्हॅन हेलनचं 'इरप्शन' लावलेलं. "ताई, मला हेच वाजवायचंय." १९७८ चा हा तुकडा, जेमतेम १ मिनिट ४२ सेकंदांचा, पण त्यात एडी व्हॅन हेलनचं टॅपिंग आहे, म्हणजे उजव्या हाताने तार छेडायच्या ऐवजी उजव्याच हाताचं बोट फ्रेटबोर्डवर, म्हणजे जिथे डावा हात तारा दाबतो त्या पट्टीवर, आपटून सूर काढायचा आणि उचलताना तार ओढून खाली डाव्या हाताने दाबलेला सूर वाजवायचा, त्यामुळे दोन्ही हातांचे सूर धबधब्यासारखे येतात. मी त्याला नाही म्हटलं नाही. नवशिक्याला 'हे तुझ्यासाठी नाही' सांगणं मला पटत नाही. त्यातले तीन सूर घेतले, एकाच तारेवर, एक उजव्या बोटाचा, दोन डाव्या, आणि अगदी सावकाश, घड्याळाच्या टिकटिकीवर. पंधरा मिनिटांत ते तीन सूर गोल फिरायला लागले, हळू, पण फिरायला लागले. बाकीचा तास आम्ही ई मायनर आणि जी कॉर्ड केला आणि तो त्याने कुरकुर न करता केला. एडी स्वतः आधी ड्रम वाजवायचा आणि भाऊ अ‍ॅलेक्स गिटार, एडी ड्रमचे हप्ते फेडायला पेपर टाकायला जायचा तेव्हा मागे अ‍ॅलेक्स त्याचे ड्रम वाजवत बसायचा आणि जास्त चांगला वाजवायला लागला, मग अदलाबदल झाली, हे सांगितल्यावर तर तो मुलगा एवढा खूश झाला, त्याचाही भाऊ ड्रम शिकतोय.

म्हणून सांगते, तुम्हाला नेमकं काय भावलं ते आधी नीट ओळखा. आवाज भावला असेल तर एकेरी धूनपासून चालू करा. गाणं म्हणायची इच्छा असेल तर तीन मोकळे कॉर्ड. बँड, मित्र, दणका हे भावलं असेल तर पॉवर कॉर्ड आणि पहिल्याच महिन्यात कोणाबरोबर तरी वाजवायला बसा. सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली की माणूस कंटाळतो आणि त्याला वाटतं आपल्यात टॅलेंट नाही. बोटं दुखतात ती सगळ्यांचीच, रोज वीस मिनिटं वाजवलं तर साधारण तीन-चार आठवड्यांत टोकं टणक होतात, एकदम दोन तास दाबत बसलात तर फोड येऊन आठवडा वाया. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून करायचा कॉर्ड, येत नसेल तर तीच ठेवण पाचव्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरच्या पाचव्या घरात, करून बघा, पहिल्या फ्रेटवर तार नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या, अगदी जवळ असते म्हणून दाबायला सगळ्यात कडक लागते, दोष तुमच्या बोटात नाही. आणि आवडत्या गिटारिस्टची तीच गिटार, तोच अ‍ॅम्प, तेच पेडल यामागे पहिल्या वर्षी अजिबात लागू नका, ब्रायन मेने तर स्वतःची गिटार वडिलांबरोबर घरी बनवली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आणि आयुष्यभर मुख्यतः तीच वाजवत आलाय.

अजून एक गोष्ट मला फार आतून वाटते. पहिल्या प्रेरणेच्या याद्या बनतात त्यात तीच दहा नावं असतात आणि काही नावं कायम राहून जातात. सिस्टर रोझेटा थार्प. १९४० च्या दशकातच ही बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की त्यात पुढचं रॉक अँड रोल स्पष्ट ऐकू येतं. मे १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला, प्रेक्षक एका प्लॅटफॉर्मवर, कलाकार समोरच्या प्लॅटफॉर्मवर, मध्ये रूळ. पाऊस पडत होता. ती कोट घालून आली, पांढरी गिटार गळ्यात अडकवली आणि पावसाचंच गाणं चालू केलं. त्या सोलोकडे बघा, हात कसा मोकळा आहे, चेहऱ्यावर किती आनंद आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला आत घेतलं २०१८ मध्ये, ती जाऊन जवळपास ४५ वर्षं झाल्यावर. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी हा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात दाखवते, मुलांनाही दाखवते.

आणि ज्याने तुम्हाला गिटार घ्यायला लावली त्याला कोणी घ्यायला लावली, हे शोधा. एक पायरी तरी मागे जा. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स आवडतो? तो चक बेरी ऐकून वेडा झाला. चक बेरीच्या 'जॉनी बी. गूड'ची १९५८ ची ती सुरुवात प्रत्येक गिटारवाल्याला पाठ असते, ती त्याने कार्ल होगनच्या वादनातून घेतली, लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका रेकॉर्डमधून, दोन्ही एकामागोमाग एक लावून ऐका, अंगावर काटा येतो.

त्या ७ कोटी ३० लाखांच्या रात्रीचंच घ्या. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात ग्रेच कंपनीची जी गिटार होती ती होती चेट अ‍ॅटकिन्सच्या नावाची, कारण जॉर्ज चेटचा भक्त. चेटने रेडिओवर ऐकला मर्ल ट्रॅव्हिस. ट्रॅव्हिस शिकला केंटकीच्या कोळसा खाणींच्या भागात, मोझ रेगर आणि आयक एव्हर्ली यांच्याकडून. हा आयक म्हणजे एव्हर्ली ब्रदर्स या गाणाऱ्या दोन भावांचा बाप, ज्यांच्यासारखं दोन आवाजांत गायला लेनन आणि मॅकार्टनी शिकले, म्हणजे त्या एका भागातलं संगीत बीटल्सकडे दोन वाटांनी पोचलं. रेगरच्या मागे केनेडी जोन्स. आणि त्याच्याही मागे ज्याचं नाव घेतलं जातं तो आर्नोल्ड शुल्ट्झ, फिडल आणि गिटार वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस, जो नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि ज्याच्याबरोबर पोरगेल्या वयात ब्लूग्रास संगीताचा जनक बिल मन्रोनेही वाजवलं होतं. शुल्ट्झ १९३१ मध्ये गेला. त्याच्या वादनाचं एकही रेकॉर्डिंग नाही. त्याचा अंगठा कसा वाजायचा हे ऐकायचं असेल तर ट्रॅव्हिस लावावा लागतो, नाहीतर चेट, नाहीतर जॉर्ज.